प्रमिलाकाकीची गोळी

प्रमिलाकाकीने आयुष्यात एकदाही विडी ओढली नव्हती, हे मला त्या दीड वर्षात किती माणसांना सांगावं लागलं, त्याची गणतीच नाही. शाळेतल्या सहकाऱ्यांना, गल्लीतल्या बायकांना, रिक्षावाल्याला, कोल्हापूरच्या इस्पितळात शेजारच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाला. फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की समोरचा आधी तेच विचारायचा. "मिश्री लावायची का? नवरा ओढायचा का?" नवरा ओढायचा. पण तो जाऊन सतरा वर्षं झाली होती आणि तोही गेला काविळीने. काकीला सुरुवातीला या प्रश्नाचा संताप यायचा. पुढे तिने उत्तरच ठरवून टाकलं. "ओढणारे ओढून गेले," ती म्हणायची, "ठसका माझ्या वाट्याला."

मी फलटणची. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी लागली म्हणून रत्नागिरीला आले, तेव्हा मासा ही वस्तू मी फक्त चित्रात पाहिली होती. आमच्या खोलीच्या खाली, जिथे बंदराकडून येणारा रस्ता चढाला लागतो, तिथे दोघी बायका मासे घेऊन बसत. एक सुगंधा, ती गिऱ्हाइकाला हाका मारायची. दुसरी प्रमिलाकाकी, ती कुणालाच हाक मारायची नाही. पाटावर बसून, पुढ्यात पाटी आणि विळी घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याकडे ती अशी बघायची की जणू आपणच तिच्याकडे काहीतरी विकायला निघालोय.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सुरमई मागितली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुठली तू?"

"फलटणची."

"सुरमई कशी करशील?"

मला सांगता येईना. तिने सुरमई उचलली, फडक्याखाली झाकली आणि चार बांगडे माझ्या पिशवीत टाकले. "आधी ह्यो शीक. सुरमई वाया घालवू नको." आणि भर रस्त्यात, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, तिने मला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगितलं. त्रिफळं किती, कोकम किती, आणि कालथा घालायचाच नाही, टोप हातात धरून नुसता हलवायचा. सुरमई मला तिने दिली ती चार महिन्यांनी.

मी तिला अहोजाहो करायचे. ते तिनेच तोडलं. "अहो म्हणालीस तर शिळा देईन," म्हणाली. शिळा तिने कधी कुणालाच दिला नाही, ही गोष्ट वेगळी. दुपारी उरलेला माल ती उचलायची आणि घरी नेऊन खारवायची, पण 'ताजा हाय' असं खोटं तिच्या तोंडून निघायचं नाही. गिऱ्हाईक स्वतः फसायला तयार असलं तरी नाही. "ह्यो कालचा हाय. नेतंस तर ने, मागून बोलू नको." कोणत्या घरात कोण आजारी, कुणाची सून बाळंतीण, हे तिला पाठ असायचं. डोहाळे लागलेल्या पोरीला ती न मागता मुडदुशे बांधून द्यायची. मधुमेही मास्तरांनी कोळंबी मागितली की "बायको कुठं हाय? तिला पाठव," म्हणून परत पाठवायची. सुगंधाचा धंदा तिच्यापेक्षा जास्त व्हायचा, पण चांगले मासे पाहिजे असतील तर लोक हिच्याकडे यायचे आणि शिव्या खाऊन जायचे.

तिचे हात मला आठवतात. लांब, काळेसावळे, नखं बारीक कापलेली. म्हाकुलाची कातडी ती एका ओढीत काढायची. कापताना विळीकडे बघायचीच नाही, आपल्याशी बोलत राहायची आणि हात आपलं काम करत असायचे. एकदा मी म्हटलं, "काकी, बोट कापेल." ती हसली. "डोळ्यांनी कापणाऱ्याचां बोट कापतां," म्हणाली, "हातांनी कापणाऱ्याचां नाय."

तिचा एकुलता मुलगा महेश लोट्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होता. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा. म्हणून खोकला लागला तेव्हा तो पहिल्यांदा मीच ऐकला. गणपतीत सुरू झालेला खोकला दिवाळी आली तरी थांबेना. औषधाच्या बाटल्या झाल्या, गोळ्या झाल्या, काढे झाले. एक दिवस ती पाटी डोक्यावर घेऊन चढ चढत होती आणि मध्येच उभी राहिली. पाटी उतरवून रस्त्याच्या कडेला बसली. मी धावत खाली गेले तर म्हणाली, "काय नाय गो, जरा वारा खातंय." तिला श्वासच घेता येत नव्हता.

फुफ्फुसाच्या बाजूला पाणी साठलं होतं. ते काढलं, तपासलं, आणि इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. महेशने रजा टाकली तेवढी टाकली, मग कंपनीत बोलणी खाल्ली. पुढच्या फेऱ्या मी करायला लागले. इंग्रजी कागद वाचता येणारी जवळची मीच होते. मी त्यात फार काही केलं असं नाही. एस.टी.त शेजारी बसायचं, फाईल सांभाळायची आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं आणि त्यांनी विचारलं तर नीट सांगायचं, एवढंच. ते शेवटचं कामही मी धड केलं नाही, ते पुढे येईलच.

कोल्हापूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला आणि तीन आठवड्यांनी आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, "आजार पसरलाय. ऑपरेशन करता येणार नाही. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. या पेशींच्या जनुकात एक बदल झालाय, तो त्यांना वाढायचा हुकूम देत सुटलाय. तो हुकूम अडवणारी गोळी आहे. रोज एक, घरी बसून. केमोसारखे केस जाणार नाहीत."

"बरा व्हईल?" काकीने विचारलं.

"बरा नाही होणार. आटोक्यात राहील."

"किती दिस?"

"कुणाला वर्षभर, कुणाला जास्त. कधीतरी आजार गोळीला दाद देईनासा होतो. तेव्हा पुढचं बघू."

काकीच्या डोक्यात मात्र दुसराच शब्द अडकला होता. "जनुक म्हंजे रक्तातलां ना? मग माझ्या म्हेशाला पण?"

"नाही, हा बदल जन्मापासूनचा नाही. त्या गाठीतच झालेला आहे. मुलाला काही होत नाही."

हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. येताना गाडीत मी तिसऱ्यांदा सांगितलं. काकीने मान हलवली. पण आंबा घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, "बाय, ह्यां तुला कळलां, मला कळलां. लोकांना कोण सांगणार?"

गोळी लहानशी, तपकिरी. ती ठराविक वेळी घ्यायची. काकी रोज आठला, बंदरावरच्या लिलावाहून परत यायच्या तिच्या नेहमीच्या वेळेला, चहाचा घोट घ्यायची आणि गोळी तळहातावर ठेवून तिला म्हणायची, "चल, कामाला लाग."

आणि ती लागली. त्यावर माझाही विश्वास बसला नसता, पण मी पाहिलंय. आठव्या दिवशी खोकला गेला. नुसता कमी झाला असं नव्हे, गेलाच. दोन आठवड्यांत ती आडवी होऊन झोपायला लागली, त्याआधी दोन महिने भिंतीला टेकून बसून काढले होते. महिन्याने पाटी घेऊन ती तोच चढ चढली, आणि वर पोचल्यावर माझ्या खिडकीकडे बघून नुसता हात वर केला. तिसऱ्या महिन्यात स्कॅन काढला, तर लिंबाएवढी गाठ सुपारीएवढी झाली होती. त्या दिवशी कोल्हापूरहून येताना तिने पालीला उतरून मला मिसळ खायला घातली. महेश फोनवर रडला.

पण गोळी काम करायला लागली तसं दुसऱ्या आठवड्यापासूनच तिच्या चेहऱ्यावर पुरळ यायला लागलं. आधी नाकाच्या बाजूला, मग कपाळावर, हनुवटीवर, छातीवर. तारुण्यपिटिका असतात तसे लाल, पिकलेले फोड. उन्हात बसली की आग व्हायची, आणि तिचा धंदाच उन्हातला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरळ येणं म्हणजे गोळी लागू पडतेय असं बरेचदा दिसतं." त्यांनी मलम दिलं, छत्री घ्यायला सांगितलं. गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? मासे घेणारं माणूस आधी विकणारणीचं तोंड बघतं. मी खिडकीतून बघायचे. पंधरा-पंधरा वर्षांपासूनची जुनी गिऱ्हाइकं तिच्यासमोर यायची, थबकायची आणि "आज नको" म्हणून सुगंधाकडे वळायची. एका बाईने आपल्या मुलीचा हात धरून मागे ओढला. सुगंधा बिचारी ओशाळून जायची. एकदा तिने स्वतःची दोन गिऱ्हाइकं काकीकडे ढकलली, तर काकी तिच्यावरच ओरडली, "भीक घालू नको मला."

मग नखं. अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या नखाच्या कडा सुजल्या, लाल झाल्या, त्यातून पू यायला लागला. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. त्या बोटांनी मिठाच्या पाण्यातली कोळंबी सोलायची, कुर्ल्यांच्या नांग्या मोडायच्या. मी रबरी हातमोजे आणून दिले. तिने दोन दिवस घातले आणि तिसऱ्या दिवशी परत केले. "ह्यातून मासा कळत नाय," म्हणाली. आता ती कापताना विळीकडे बघायला लागली होती.

पोटाचंही होतं. दिवसातून पाच-पाच वेळा जावं लागायचं. एकदा कोल्हापूरला जाताना पालीच्या अलीकडे तिने माझा हात घट्ट धरला. घामाने चिंब झाली होती. मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, स्टँड आलाच. स्टँड येईपर्यंत उशीर झाला होता. स्टँडसमोरच्या एका चहावाल्याच्या घरी मी तिला नेलं, त्याच्या बायकोने न बोलता पाणी आणि जुनी साडी दिली. काकी बाहेर आली ती दुसऱ्याच बाईच्या साडीत. मागून आलेल्या गाडीने आम्ही घाट चढायला लागलो. वरच्या वळणावर ती म्हणाली, "बाय, ह्यां म्हेशाला सांगू नको."

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही त्रास? जुलाब वगैरे?"

"काय नाय," काकी म्हणाली.

"हात बघू."

तिने हात पदराखाली घेतले. "मासे कापताना कापलंय जरासां."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलमधले कागद लावत राहिले.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, का सांगितलं नाहीस? तिने बाकाकडे बोट दाखवलं. "तो नाट्याचा तांडेल आठवतो?" आठवत होता. नाटे हे काकीचं माहेर, म्हणून त्या होडीवाल्याशी तिची पहिल्याच फेरीत ओळख निघाली होती. त्यालाही अशीच कुठली तरी गोळी होती. "त्याने सांगितलां, भूक लागत नाय, डोळे पिवळे होतात. त्यांनी गोळी बंद केली. पुढच्या खेपेला तो होता? नव्हता." त्याचं यकृत सुजलं होतं, गोळी थांबवणं भागच होतं, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "होय ना, तेच सांगतंय मी. तक्रार केली की गोळी जाते. गोळी गेली की माणूस."

या सगळ्यात एकच गंमत होती. त्या गोळीने तिच्या पापण्यांचे केस वाढले. लांब, दाट, वर वळलेले. हे पण गोळीमुळेच होतं, असं मी कागदात वाचलं होतं. ती आरशात बघायची आणि म्हणायची, "नवरा होता तेव्हा ह्या कुठं होत्या?"

महेशचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. मुलगी पालीची, सायली. बापाचं बाजारात भांड्यांचं दुकान. महेश एकतिसाचा झाला होता, शिफ्टच्या नोकरीवाल्याला मुली सांगून येत नव्हत्या, आणि काकीला तर ते लग्न आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. मुलीकडच्यांना तिने एवढंच सांगितलं की छातीत पाणी झालं होतं, आता बरी आहे. बैठकीला ती तोंडावर पदर ओढून बसली आणि ऊन लागलं म्हणाली. वैशाखातली तारीख निघाली.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी तिच्याकडे गेले, तर ती दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि मी बघतच राहिले. चेहऱ्यावर एक फोड नव्हता. थोडे डाग होते, पण कातडी निवळली होती. बोटांची सूज गेली होती.

"काय लावलंस गं?"

"काय नाय. कमी झालां."

मला आनंद झाला. मी पाणी प्यायला आत गेले. फळीवर तिची गोळ्यांची डबी होती. मागच्या खेपेला इंग्रजी वाचून मीच तिच्यावर तारखा घालून दिल्या होत्या. पाकिटातल्या अकरा गोळ्या तशाच होत्या. दोन आठवड्यांपूर्वी मी पाहिल्या तेव्हाही अकराच होत्या.

मी डबी घेऊन बाहेर आले. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"कधीपासून?"

"पंधरा दिस."

"काकी, अगं—"

"ऐक," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मांडवात शंभर माणूस येणार. पालीची अर्धी वाडी येणार. सगळे माझां तोंड बघणार. एकीने जरी विचारलां ना, व्याह्याच्या कानावर गेलां ना, की आईला असला रोग, पोराला पण व्हईल, मग काय? तू येणार हायस का दारोदार सांगायला, जनुक का काय ता?"

"निदान डॉक्टरांना विचारूया."

"त्या हो म्हणणार नायत. लग्न होऊ दे, पूजा होऊ दे, मी परत चालू करतंय. तुला माझी शपथ हाय, म्हेशाला बोलायचां नाय."

मी वाद घालायला हवा होता. फोन उचलून कोल्हापूरला लावायला हवा होता. पण त्या क्षणी ती इतकी पूर्वीसारखी दिसत होती, मला पहिल्या दिवशी सुरमई नाकारणाऱ्या बाईसारखी, की मी डबी फळीवर परत ठेवली. मग तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागले.

लग्न पालीला झालं. काकी जांभळी साडी नेसून मांडवाच्या दारात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला तिने तोंडभर हसून या म्हटलं, पदर खांद्यावर, चेहरा उघडा. लोक म्हणत होते, आजारी होती म्हणतात, दिसत तर नाही. ते ऐकून ती माझ्याकडे बघायची. पूजेनंतर चार दिवसांनी तिने गोळी पुन्हा सुरू केली. सगळे मिळून जवळजवळ महिना गेला होता.

पुरळ परत आलं, नखं परत सुजली, आणि पावसाळाभर सगळं ठीक राहिलं. सायली चांगली निघाली. ती सासूच्या बोटांना मलम लावायची, मासे विकायला तिच्या शेजारी बसायची, आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं तर थेट सांगायची, "औषधाने आलंय, लागत नाही कुणाला." सायली आली तशी चार गिऱ्हाइकं परत वळली.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी मी तो खोकला पुन्हा ऐकला. खिडकी लावून घेतली. तरी ऐकू येत होता.

गाठ वाढली होती, दुसऱ्या बाजूलाही दोन नव्या दिसत होत्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळी मध्ये कधी चुकली?"

"एक दिस नाय."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. आजाराने गोळीला चुकवायला जी वाट काढलेली असते, ती जनुकातल्या एका ठराविक बदलाची असेल तर तिच्यासाठी पुढची गोळी होती. आम्ही दहा दिवस त्या कागदाची वाट बघितली. तो बदल सापडला नाही. म्हणजे पुढची गोळी नाही. उरली केमो.

त्या आठवड्यात मी शाळेच्या मागच्या मैदानातून डॉक्टरबाईंना फोन केला. सहज विचारते असं म्हणाले, एखाद्याने गोळीत खंड पाडला तर त्याने असं होतं का?

"थोड्या दिवसांच्या खंडाने बहुधा काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "पुरळ फार वाढलं, नखं चिघळली, तर मीच आठ-दहा दिवस थांबवते, मग पुन्हा सुरू करते. त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, मलमं असतात. पेशंटने सांगितलं पाहिजे मात्र. आणि प्रतिकार तर कधीतरी येतोच, सगळं नीट घेतलं तरी."

"आणि महिनाभर थांबली असेल तर?"

"कोण थांबलं होतं?"

"कुणी नाही. विचारलं आपलं."

"महिना मी दिला नसता," त्या म्हणाल्या. "पण त्यामुळेच झालं असंही कुणी सांगू शकणार नाही."

म्हणजे लग्नासाठी आठ-दहा दिवस मागितले असते तर त्यांनीच दिले असते. पुरळ आधीच आटोक्यात आणलं असतं. बोटांना इलाज होता. हे सगळं एका वाक्याच्या अंतरावर होतं, आणि ते वाक्य बोलायला त्या खोलीत आम्ही दोघी होतो.

केमोचे दोन हप्ते झाले. त्यात ती अशी गळाली की तिसऱ्याला नाहीच म्हणाली. गोळी बंद झाली तसा तिचा चेहरा पुन्हा स्वच्छ झाला. या वेळी कुणी त्याचं कौतुक केलं नाही. माघात तिचा उजवा हात चालेनासा झाला. चमचा धरता येईना, शब्द चुकायला लागले. 'पाणी' म्हणायचं तर 'पाटी' म्हणायची आणि आपण चुकलो हे कळून चिडायची. आजार मेंदूत गेला होता. डॉक्टरबाईंनी डोक्याला लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायचं सुचवलं, पण तेवढा घाट चढून जाण्यासारखी ती राहिली नव्हती.

एक दिवस पडवीत मी आणि सायली दोघीच होतो. ती सासूची फडकी पिळत होती. तिला तेव्हा चौथा महिना होता. बोलता बोलता मी म्हणाले, "तुम्हाला लग्नाआधी कळलं असतं तर?"

"काय कळलं असतं?"

"काकीच्या आजाराचं."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मला माहीत होतं बाई. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हाच ह्यांनी सांगितलं होतं सगळं. बाबांनी रत्नागिरीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, मुलाला काही होत नाही ना म्हणून. मगच तर बैठकीला आले. आईंना वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणी विषय काढला नाही." तिने फडकं दोरीवर टाकलं. "का हो?"

मी दुसरं फडकं पिळायला घेतलं. आत काकी झोपली होती. तिला हे सांगावं असं मला क्षणभर वाटलं, पण ते सांगून तिच्या पदरात मी काय टाकणार होते?

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. महेश रात्रपाळीला निघायच्या तयारीत होता. कंपनीने याहून जास्त रजा द्यायला नकार दिला होता. बूट घालून तो आईच्या उशाशी बसला होता. काकीचे डोळे उघडे होते. दोन दिवस ती बोलली नव्हती, पण कळत सगळं होतं, असं सायली म्हणायची.

"बाई," महेश म्हणाला, "एक विचारू? लोट्याला आमच्यातल्या एकाच्या वडिलांना हीच गोळी चालू हाय. तीन वर्षं झाली. ते मासेमारीला जातात अजून." तो खाली बघत होता. "आई गोळ्या नीट घेत होती ना? मी कधी इथं नसायचो. तुम्हीच बघायचात."

सायली दारात उभी होती. मी काकीकडे पाहिलं. ती महेशकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "एक दिवस चुकवली नाही तिने."

"बरां," महेश म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला. "मग आपल्या हातात काय नव्हतां." आईच्या कपाळावरून त्याने हात फिरवला, डबा उचलला आणि तो बाहेर पडला. पायऱ्यांवर त्याचे बूट वाजले, मग फाटक वाजलं.

काकी दाराकडे बघत राहिली. मी तिच्या अगदी समोर बसले होते, तिचा चालता हात माझ्या हातात होता. मी उठेपर्यंत ती दाराकडेच बघत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.